लाल गोळ्याची दांडी

गेमवाले अप्पा माणसाच्या तोंडाकडं बघायचेच नाहीत, हाताकडं बघायचे. तुळजापुरात बसस्टँडकडून देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर, एका लॉजच्या खाली त्यांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक छोटा गाळा, त्यात कपाटाएवढे दोन गेमचे डबे, एक स्टूल आणि गल्ल्याजवळ देवीचा फोटो. कुणी आत आलं की अप्पांची नजर थेट मनगटाखाली जायची. वर्षभरानं परत आलेल्या यात्रेकरूंच्या पोरांची नावं त्यांच्या लक्षात नसायची, पण पोरानं डब्यावर हात ठेवला की म्हणायचे, "आरं, तू त्यो लातूरचा न्हवं का? आंगठ्यानं बटण दाबणारा?" पोरगं चाट पडायचं. माझ्या लग्नात आहेर द्यायला आले, तेव्हा नवऱ्याच्या तोंडाकडं न बघता त्याचा हात घेऊन उलटापालटा करून बघितला आणि मला म्हणाले, "बरा हाय. आवळून धरत न्हाय." झालं, एवढंच सर्टिफिकेट. नवरा अजून मला विचारतो, ते नक्की काय बघत होते म्हणून.

"हात सैल सोड" हे त्यांचं पालुपद. डब्यावर खेळायला डाव्या बाजूला एक दांडी असायची, तिच्या डोक्यावर गोळा. ती चारी दिशांना हलवायची आणि उजवीकडचं बटण दाबून गोळी मारायची. नवखी पोरं ती दांडी अशी आवळायची की बोटं पांढरी पडायची. अप्पा मागून ओरडायचे, "हात सैल सोड की गाढवा! दांडी हाय ती, बैलाचा कासरा न्हाय. आवळलंस की मेलास." आणि पोरगं खरंच मरायचं, म्हणजे डब्यातलं विमान फुटायचं, आणि अप्पा "सांगितलं व्हतं" म्हणून पुन्हा स्टुलावर बसायचे.

दुकान उघडायची त्यांची एक रीत होती. सकाळी झाडलोट झाली, देवीच्या फोटोला उदबत्ती ओवाळली, की पहिलं नाणं ते स्वतःच्या खिशातून डब्यात टाकायचे आणि पहिला डाव स्वतः खेळायचे. तो देवीचा डाव. बाहेर कितीही पोरं खोळंबली असोत, देवीचा डाव झाल्याशिवाय कुणाचा हात डब्याला लागायचा नाही. आता गंमत अशी की, दुसऱ्याला एवढं शिकवणारे अप्पा स्वतः खेळण्यात अगदीच ढ होते. अर्ध्या मिनिटात विमान खलास. मग फोटोकडं बघून हात जोडायचे आणि म्हणायचे, "आईनं आज लवकर आवरलं. या रे."

मी त्या दुकानात शिरले ती माझ्या भावाचा कान धरायला. आमचे वडील शाळेत मास्तर, आणि मास्तरांचा पोरगा गेमच्या दुकानात म्हटल्यावर घरात नुसती बोंबाबोंब. आईनं मला पाठवलं. मी सहावीत होते. एका हातात भावाचा कान आणि दुसरा हात सहज त्या दांडीवर गेला. तेवढ्यात अप्पा म्हणाले, "थांब. ह्या पोरीचा हात बगा रे, कसा सैल हाय." आणि मला उभं केलं डब्यापुढं. पोरांनी गलका केला, "अप्पा, पोरगी हाय ती!" अप्पा म्हणाले, "मग? डब्याला कुठं कळतंय?" त्या दिवशी भावाचा कान सुटला तो सुटलाच. दोघं मिळूनच घरी मार खाल्ला.

ती दांडी मोठी देखणी होती. डब्याबरोबर परदेशातून आलेली असल दांडी, असं अप्पा अभिमानानं सांगायचे. तिचा गोळा लालभडक आणि गुळगुळीत, हाताला कायम गार लागायचा. एका नवरात्रात दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि त्या गर्दीत कुण्या दांडगटानं ती पार मुळासकट उपसली. अप्पा दुसऱ्या दिवशी एसटीनं सोलापूरला गेले. तिथल्या व्यापाऱ्यानं सांगितलं, सुटी मिळत नाही, मुंबईहून मागवावी लागेल, आणि सांगितला असा भाव की अप्पा उसाचा रस पिऊन परत आले. मी विचारलं, "किती म्हणाला?" तर म्हणाले, "तेवढ्यात एक दुभती म्हस येती गं. आणि ती दूध तरी दील."

मग त्यांनी जे केलं ते मी शेजारी बसून बघितलं, आणि माझ्या आयुष्याला तिथूनच वळण लागलं. लाटणी आणि पाळण्यावरची खेळणी करणाऱ्या कातार्‍याकडून त्यांनी बाभळीच्या लाकडाचा दांडा आणि वरचा गोळा एकसंध उतरवून घेतला. विहिरीवरच्या मोटारीच्या जळक्या स्टार्टरमधल्या पितळी पट्ट्या काढून, घासून, त्या दांड्याच्या चारी अंगांना बसवल्या. उजवीकडचं बटण मेव्हण्याच्या विहिरीवरून आणलं. मोटार चालू करायला स्टार्टरवर हिरवं बटण असतं ना, तेच. लाल बटण ठेवून दिलं, कारण ते दाबलं की वीज जोडायच्या ऐवजी तुटते. मी एकेका तुकड्याकडं बोट दाखवून विचारत होते, "ह्याला काय म्हणतात? त्याला काय म्हणतात?" अप्पा वैतागले. "वस्तूचं नाव काय इचारतीस? काम इचार. ही पट्टी काय करती? दोन तारा भेटवती. मग तारा भेटवणारं जे मिळंल ते चालतंय." मी आज धाराशिवच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या वर्गाला शिकवते. पुस्तकातले सगळे धडे एकीकडं आणि ते वाक्य एकीकडं.

दांडी झकास चालली, पण हिरव्या बटणानं पंचाईत केली. आमच्याकडं शेतात वाढलेलं माणूस स्टार्टरला कधी सरळ हात लावत नाही. बोटांची पालथी बाजू लावतं. करंट उतरला असला तर सरळ हात मूठ आवळून तिथंच चिकटतो, पालथा हात झटक्यानं मागं येतो. हे बाप पोराला बोलता यायच्या आधी शिकवतो. आता झालं काय, खेड्यातून देवीला आलेली पोरं त्या डब्यापुढं उभी राहायची, विमान समोरून यायचं, आणि पोरगं हिरवं बटण बघून बोटाच्या पाठीनं हळूच टिचकी मारायचं आणि वर एक पाऊल मागं सरायचं. तोवर विमान गेलेलं! अप्पा हसून हसून खोकायला लागायचे. "आरं करंट न्हाय त्यात! सुलट्या हातानं दाब!" आणि मग शेजारी बसलेल्याला सांगायचे, "ह्याच्या घरी हिरीवर मोटार हाय बग." हा अंदाज कधी चुकायचा नाही. तुटलेल्या दांडीचा लाल गोळा मात्र त्यांनी टाकला नव्हता. तो देवीच्या फोटोखाली ठेवला होता आणि रोज त्यालाही उदबत्ती दाखवायचे. तो गोळा तिथं बघून मी मनाशी एक समज करून घेतला, त्याचं पुढं सांगते.

दहावीनंतर मी आयटीआयला जाते म्हटल्यावर घरात पुन्हा बोंबाबोंब. वडील म्हणाले, मास्तरची पोरगी खांबावर चढणार का? अप्पा त्या दिवशी धुतलेला सदरा घालून आमच्या घरी आले, आयुष्यात पहिल्यांदा. चहा घेतला आणि वडिलांना म्हणाले, "मास्तर, तुमाला राग यील, पर तुमचा हात आखडलेला हाय. पोरीचा सैल हाय. जाऊ द्या तिला." चौथ्या दिवशी वडिलांनी फॉर्मवर सही केली. धाराशिवला प्रवेश घ्यायला माझ्याबरोबर अप्पाच आले होते, आणि तिथल्या कारकुनाचा हात बघून माझ्या कानात म्हणाले, "ह्यो कामाचा न्हाय."

पुढं मोबाईल आले आणि गेमची दुकानं गेली. अप्पांच्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. एक डबा भंगारात गेला, दुसरा, बाभळीच्या दांडीचा, त्यांनी हमाल लावून घरी आणला आणि मागच्या खोलीत ठेवला. काकू, म्हणजे अप्पांची बायको, कुरकुरली की ज्वारीची पोती कुठं ठेवू. पण अप्पांचा देवीचा डाव चुकला नाही. रोज आंघोळ करून, उदबत्ती लावून, त्या बाभळीच्या दांडीवर एक डाव, अर्ध्या मिनिटाचा. वीज नसली तर यायची वाट बघायचे, तोवर चहा घ्यायचे नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी देवीचा डाव खेळता खेळताच ते पडले. उजव्या अंगावरून वारं गेलं. पडताना त्यांनी दांडी धरून ठेवली होती, ती बुडातून मोडून त्यांच्याबरोबर खाली आली. जन्मभर दुसऱ्यांना "सैल सोड" सांगणारा माणूस त्या क्षणी आवळून धरून बसला, आणि वीस-पंचवीस वर्षं टिकलेलं बाभळीचं लाकूड तुटलं. काकूनं मला फोनवर हेच आधी सांगितलं. "सविता, दांडी मोडली गं," आणि मग रडायला लागली.

सोलापूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हात हलवत राहा. पहिल्या काही महिन्यांत जे परत येईल ते येईल, पुढं फार कठीण आहे. व्यायामाला एक मऊ रबरी बॉल दिला. अप्पांनी तो फेकून दिला. बोलणं तुटक झालं होतं, तरी रागावणं शाबूत होतं. काकू बॉल हातात द्यायची, ते डाव्या हातानं भिरकावायचे आणि मागच्या खोलीकडं बोट करायचे. "देवीचा... ऱ्हायला," म्हणायचे. मी गेले, डबा उघडला, तारा झाडल्या, बटण चालू केलं. पडदा थरथरला आणि विमान आलं! आतलं सगळं जिवंत होतं. नव्हती ती फक्त दांडी. त्या वेळी अप्पांचा हात लुळा होता. जिथं ठेवू तिथं राहायचा, बोटं उघडावी तशी उघडायची. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मी त्यांना म्हटलं, "अप्पा, आठ दिवसांत दांडी आणते. मग रोज देवीचा डाव. उजव्या हातानं खेळायचा, डाव्या नाही. कबूल?" त्यांनी मान हलवली.

आता माझी अक्कल ऐका. कातार्‍याकडं जाऊन दुसरा दांडा उतरवून आणायला मला एक दिवस लागला असता. पण मला वाटलं, आता मी कमावते. माझ्या अप्पांना नकली कशाला? आयुष्यभर तो लाल गोळा देवीपुढं ठेवून त्याला उदबत्ती दाखवली, तर आता त्यांच्या हातात असलच देईन. रात्रंदिवस मोबाईलवर तीच शोधत बसले. नेमकी तशी जुनी दांडी एका परदेशी माणसाकडं होती, आणि भाव म्हशीच्याही वरचा. मग तिच्यासारखी दिसणारी स्वस्तातली शोधायला लागले. एक मागवली, तिची जोडणी नव्या पद्धतीची निघाली, जुन्या डब्याला लागेना. परत पाठवली. दुसरी पुण्याच्या एका दुकानदारानं आज देतो, उद्या देतो करत महिना घालवला. तिसरीचा गोळा निळा निघाला. निळा निघाला म्हणून मी ती परत केली हो! माझ्यासारखी गाढव मीच.

दर रविवारी धाराशिवहून एसटीनं जायची आणि त्यांच्या उशाशी बसून सांगायची, "निघालीय अप्पा. वाटेत आहे." ते मान हलवायचे. आणि दर रविवारी त्यांचा हात थोडा आणखी मिटलेला असायचा. लुळेपणा जाऊन ताठरपणा आला, बोटं आत वळली, मूठ घट्ट झाली. नखं तळव्यात रुतायची म्हणून काकू मुठीत रुमाल कोंबून ठेवायची. मी ते बघत होते. मी इलेक्ट्रिशियन, महिने मोजता येणारी बाई, बघत होते आणि पार्सलची वाट बघत होते.

पाच महिन्यांनी लाल गोळ्याची दांडी आली. हुबेहूब होती. बसवली, डबा चालू केला, अप्पांना खुर्चीत बसवून पुढं सरकवलं. त्यांनी गोळ्याकडं बघितलं, आणि डाव्या हातानं उजवा हात उचलून त्यावर नेला. मूठ उघडेना. मिटलेली मूठ त्या गुळगुळीत गोळ्यावरून घसरून मांडीवर पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. माझ्या तोंडातून निघून गेलं, "अप्पा, हात सैल सोडा." जीभ चावली मी, पण शब्द गेला होता. ते माझ्याकडं बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. काकू "राहू दे गं आता" म्हणाली आणि तिनं डबा बंद केला. त्या दिवशी एसटीत मी ओढणी तोंडावर घेऊन धाराशिवपर्यंत रडले.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी वर्कशॉपमध्ये एका जुन्या मोटारीपुढं उभी होते. हात लावायच्या आधी सवयीनं बोटांची पाठ टेकवली, आणि तिथंच थबकले. मूठ मिटलेली असली तरी बोटांची पाठ बाहेरच असते. दांडीचं काम काय? तारा भेटवणं. चार दिशा, चार तारा. मग दांडी हवी कशाला? भंगाराच्या पेटीत जळके स्टार्टर पडलेले होते. पाच हिरवी बटणं काढली, साहेबांना विचारून पिशवीत टाकली. घरच्या एका जुन्या पाटाला भोकं पाडून चार चौकोनात बसवली, एक बाजूला गोळीसाठी. एका संध्याकाळचं काम. खर्च म्हणाल तर तारेचा आणि एसटीच्या तिकिटाचा.

रविवारी त्या पाटाच्या तारा डब्याला जोडल्या आणि पाट अप्पांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी हिरव्या बटणांवरून नजर फिरवली. डाव्या हातानं उजवी मूठ उचलली, पालथी केली आणि बोटांच्या पाठीनं पहिलं बटण दाबलं. विमान डावीकडं सरकलं. दुसरं दाबलं, उजवीकडं. काकूनं धावत जाऊन उदबत्ती लावली. अर्ध्या मिनिटात विमान फुटलं, नेहमीसारखं. अप्पा बटणांकडं बघून एकेक शब्द ओढून काढत म्हणाले, "हे तर... हितंच... व्हतं." रागानं म्हणाले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. मी म्हटलं, "व्हय अप्पा. मलाच दिसलं नाही."

त्यानंतर रोज देवीचा डाव झाला, आणि एक नाही, दहा-दहा डाव. काकूनं फोनवर सांगितलं की अंगठा जरा ढिला झालाय, रुमाल आता ओढावा लागत नाही, आपोआप निघतो. मी हरखून गेले. वाटलं, डॉक्टरांचं चुकलंही असेल. पंधरा दिवस गेले, आणि सोळाव्या दिवशी पहाटे दुसरा झटका आला. यावेळी ते दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

त्या पंधरा दिवसांकडं बघून लोक मला धीर देतात, शेवटी तू त्यांना खेळवलंस म्हणून. मला त्या आधीचे पाच महिने दिसतात. अप्पांनी असल दांडी कधी मागितलीच नव्हती. त्यांनी देवीचा डाव मागितला होता. मी नाव विचारत बसले. ती लाल गोळ्याची दांडी माझ्या कपाटात आहे. तिच्यात दोष काहीच नाही, म्हणून ती बघवत नाही.

मी पोचले तेव्हा अप्पांना मागच्या खोलीबाहेर चटईवर ठेवलं होतं. काकू शेजारी बसली होती, तिनं रडणं थांबवून मला जवळ बोलावलं. "सविता, बघ गं," ती म्हणाली, "सुटला हात." मूठ उघडली होती. पाचही बोटं सैल, डब्यावर ठेवायचे अगदी तशी, फक्त तळहात वर. कित्येक महिन्यांनी तो तळवा दिसत होता, त्यात नखांचे चार वळ होते. मी खाली बसले आणि हात पुढं केला. सरळ हात लावायचं धाडस झालं नाही. बोटांची पाठ टेकवली, आणि करंटची वाट बघितली.